सोंगाड्या कोणाचा?

दादा कोंडके यांचे नाव काढले की आपल्या वर्तुळात दोन प्रकारची माणसे भेटतात. ‘त्या अचकटविचकट माणसावर कशाला कागद खर्च करता?’ असे विचारणारी एक, आणि नाव ऐकताच हसू लागणारी दुसरी. पहिली बहुधा शिकलेली असतात. दुसऱ्यांत माझे वडील होते. चिखल्याच्या मँगनीज खाणीत त्यांची हयात गेली. माझ्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, पगार झाला की तुमसरहून व्हिडिओ भाड्याने येई. खाण कामगारांच्या वस्तीत रात्रभर सिनेमे चालत आणि त्यांतला एक हटकून दादांचा असे. भुयारातली पाळी करून आलेली माणसे जमिनीवर हात आपटून हसत. बाया मात्र थोड्या वेळाने एकेक करून उठून जात. माझी आईही जाई. तो पुरुषांचा हशा आणि ते बायांचे उठून जाणे, दोन्ही खरे होते. दादांचा विचार करताना या दोहोंपैकी एकही विसरून चालणार नाही, असे मला वाटते.

कृष्णा कोंडके यांचा जन्म 8 ऑगस्ट 1932 रोजी मुंबईत नायगावला, गिरणी कामगाराच्या कुटुंबात झाला. त्यांनी ‘अपना बाजार’मध्ये नोकरी केली, बँडमध्ये वाजवले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात कामे केली. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने त्यांना महाराष्ट्रभर नेले. त्याचे दीड हजाराच्या घरात प्रयोग झाले. 1969 साली भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून ते पडद्यावर आले. 1971 साली त्यांनी स्वतः निर्मिती करून ‘सोंगाड्या’ काढला. 1975 साली ‘पांडू हवालदार’पासून दिग्दर्शनही हाती घेतले. ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ असे चित्रपट ओळीने आले आणि चालले. त्यांच्या नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीज बुकात झाल्याचे सर्वश्रुत आहे. 14 मार्च 1998 रोजी ते वारले. हा झाला जीवनक्रम. प्रश्न वेगळा आहे. ज्या सोंगाड्याच्या नावाने त्यांनी पहिला चित्रपट काढला, तो सोंगाड्या मुळात कोणाचा?

तमाशाचे फड मुख्यतः महार, मांग आणि कोल्हाटी समाजातील कलावंतांनी उभे केले, हे आता वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही. गावगाड्यात ज्याला पाटलाच्या वाड्यासमोर मान वर करता येत नव्हती, तो रात्री बोर्डावर उभा राहून वगातल्या राजाला मूर्ख ठरवी, प्रधानाला लबाड ठरवी, कोतवालाची टोपी उडवी. व्यवस्थेने त्याला दिलेली ही एका रात्रीची सवलत होती. उजाडल्यावर तो पुन्हा येसकर, पुन्हा वेठबिगार. पण त्या सवलतीतून त्याने एक भाषा घडवली. सरळ बोलता येत नव्हते म्हणून ती दुहेरी अर्थाची झाली. ज्याला उघड बोलण्याची चोरी असते, तो शब्दाच्या आड लपून बोलतो. दादांच्या ज्या द्व्यर्थी संवादांवर पांढरपेशे समीक्षक तुटून पडले, त्यांचे मूळ या नाइलाजात आहे.

या वारशाची वाटणी मात्र कधीच सरळ झाली नाही. पठ्ठे बापूरावांच्या, म्हणजे श्रीधर कुलकर्ण्यांच्या लावण्यांना पवळा हिवरगावकर या महार स्त्रीने आवाज आणि देह दिला. बापूरावांचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात कवी म्हणून गेले. पवळा आख्यायिकेत राहिली. नारायणगावच्या भाऊ-बापू मांगांच्या घराण्यातील विठाबाईंनी उभा महाराष्ट्र गाजवला. 2002 साली त्या वारल्या, त्याआधीच्या आजारपणात उपचाराच्या पैशांची ओढाताण झाली. आज त्यांच्या नावाने सरकारी पुरस्कार दिला जातो.

आपल्या चळवळीनेही या वारशाचा झाडा घेतला होता. पठ्ठे बापूराव तमाशाच्या उत्पन्नातून देणगी द्यायला आले असता, आपल्याच समाजाच्या बायकांना नाचवून आलेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. सत्यशोधक जलशांनी आणि त्यांच्यामागून भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा घेतला. नाचणारी बाई काढून टाकली, पण हास्य टाकले नाही. जलशातला विनोद सावकाराला, भटजीला, पाटलाला आणि आपल्याच माणसांच्या भाबडेपणाला लागे. हसता हसता माणूस मृत मांस का खायचे नाही, पोराला शाळेत का घालायचे, हे शिकून घरी जाई. म्हणजे सोंगाड्याची एका रात्रीची सवलत जलशाने दिवसाउजेडी हक्क म्हणून मागितली.

आता दादांकडे येऊ. ‘सोंगाड्या’तला नाम्या हा कडक स्वभावाच्या विधवा आईचा भोळा मुलगा. तमाशा पाहायला जातो, वगाच्या मध्येच बोर्डावर चढतो, नाचणाऱ्या कलावतीच्या प्रेमात पडतो. आई त्याला घराबाहेर काढते. त्या काळच्या तमाशापटात नायक बहुधा फेट्यातला रुबाबदार पुरुष असे. दादांनी त्या जागी ढगळ अर्धी चड्डी आणि लोंबती नाडी असलेला गडी उभा केला. ना रूप, ना जमीन, ना शुद्ध भाषा. मुंबईच्या गिरणगावातला आणि खेड्यातला कष्टकरी प्रेक्षक स्वतःचे शरीर प्रथमच नायकाच्या जागी पाहत होता. चिखल्यात हात आपटून हसणाऱ्या माझ्या वडिलांना तेच दिसत होते. ‘पांडू हवालदार’मध्ये कायद्याचा रक्षकच दादांनी विनोदाचा विषय केला. वगातल्या कोतवालाची टोपी उडवण्याचाच तो खेळ होता.

पण दादांनी सोंगाड्या घेतला आणि त्याची जात वगळली. कलावती कोणत्या वस्तीतून आली, तिच्या आईचे काय झाले, तिच्या फडात कोण माणसे आहेत, हे चित्रपट विचारीत नाही. हळूहळू विनोदाचा रोखही फिरला. वगात तो राजावर होता, जलशात सावकारावर होता. दादांच्या पुढच्या चित्रपटांत तो अधिकाधिक बाईच्या अंगावर येऊ लागला. शब्दाच्या आड लपून सत्तेला बोलणे वेगळे, आणि शब्दाच्या आड लपून शेजारी बसलेल्या बाईला बोलणे वेगळे. माझी आई व्हिडिओसमोरून उठून जाई ते यासाठी. तिला कोणी समीक्षा शिकवली नव्हती.

काळाचाही विचार केला पाहिजे. ‘सोंगाड्या’ 1971 सालचा. दलित पँथरची स्थापना 1972 सालची. शहर तेच, चाळी त्याच, भाषाही पुष्कळ अंशी तीच. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात ‘सोंगाड्या’ला जागा मिळेना तेव्हा शिवसेना मदतीला धावली, आणि दादा अखेरपर्यंत सेनेचे राहिले. 1974 च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत तीच सेना पँथरसमोर उभी होती. गिरणी कामगाराचे हास्य एका बाजूला आणि गिरणी कामगाराच्याच पोरांचा विद्रोह दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी त्या तीन वर्षांत झाली. दोष एकट्या दादांचा नाही. त्या प्रेक्षकाला हसवण्याचे काम आपणही सोडून दिले होते. आपण त्याला भाषण दिले, कविता दिली. जलसा मात्र मागे पडला. पुढे 1982 च्या संपाने तो गिरणी कामगार प्रेक्षकच मोडून पडला.

तरीही ‘अश्लील’ या शिक्क्यावर सही करताना आपण थांबले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने याच शब्दाखाली तमाशावर बंधने आणली, मग तो सुधारण्यासाठी समिती नेमली. सुधारलेल्या तमाशाला लोकनाट्य म्हटले गेले आणि शिकलेल्यांचे रंगमंच त्याला खुले झाले. मूळचे फड उघड्या माळावरच राहिले. शैलजा पाईक यांनी 2022 सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमासगीर स्त्रियांच्या जीवनातून दाखवले आहे की अश्लीलतेचा शिक्का हे जातीचेच हत्यार आहे. तेव्हा दादांना मोजण्यासाठी पांढरपेशांची फूटपट्टी उसनी घेण्याचे कारण नाही. आपली फूटपट्टी जलशाने केव्हाच दिली आहे: हसू कोणाला लागते ते पाहा. या फूटपट्टीवर दादांची निम्मी बाजू आपली ठरते आणि निम्मी आपल्या विरोधात जाते. दोन्ही निम्मे शिकवले पाहिजेत.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते. रात्रभर दंडार आणि खडी गंमत चालते. डफाच्या थापेवर शाहीर उभा राहतो, बाईच्या वेशातला नाच्या येतो आणि सोंगाड्या त्या दोघांना सळो की पळो करतो. खाणीत दिवसभर धातू फोडणारी माणसे रात्री ही सोंगे काढीत. त्यांतल्या एकाचेही नाव कोणत्या ग्रंथात मला सापडले नाही. दादांच्या चित्रपटांची यादी मात्र माझ्या वर्गातले कोणतेही पोर सांगते. म्हणून या वर्षी मी विद्यार्थ्यांना एक काम दिले आहे. चिखला, डोंगरी बुजुर्ग आणि आसपासच्या गावांतील म्हाताऱ्यांकडे जायचे, गंमतीत कोण सोंगाड्या होता, तो कोणाची नक्कल करी, त्याबद्दल कोणाचा मार खाल्ला, हे विचारून लिहून आणायचे. आणि प्रत्येक घरातल्या म्हातारीला वेगळे विचारायचे, की ती कशाला हसली आणि कशाला उठून गेली.