विजयदुर्गावरील ‘साहेबाचे ओटे’ : कालनिर्णय

विजयदुर्ग किल्ल्यावरील कांहीं चौथरे ‘साहेबाचे ओटे’ या नांवानें ओळखले जातात. नॉर्मन लॉकियर या ज्योतिर्विदानें इ. स. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणांत याच ओट्यांवरून हेलियम वायूचा शोध लावला, अशी समजूत रूढ आहे. ती आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

ता. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं हिंदुस्थानांत खग्रास ग्रहण झालें हें खरें. परंतु तें गुंटूर येथें पाहिलें जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञानें. लॉकियर त्या वेळीं इंग्लंडांत होता. सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट त्यानें तेथेंच, २० ऑक्टोबर १८६८ रोजीं, ग्रहण नसतां पाहिला. त्यांतील पिवळ्या रेषेवरून पुढें हेलियमची कल्पना निघाली. पृथ्वीवर तो वायु रॅम्से यास १८९५ सालीं सांपडला. लॉकियर १८७१ सालीं ग्रहणासाठीं हिंदुस्थानांत आला, तोहि मलबार किनाऱ्यावरील बेकल येथें.

विजयदुर्गास तो आला शके १८१९, पौष वद्य अमावास्या, शनिवार, म्हणजे ता. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. तेव्हां हें स्थळ रत्नागिरी जिल्ह्यांत होतें. १९८१ पासून तें सिंधुदुर्गांत मोडतें. सूर्य पूर्ण झांकलेला राहणार तो अवघीं दोन मिनिटें. म्हणून ‘मेल्पोमीनी’ या आरमारी जहाजावरील लोकांस कामें वांटून देऊन आधीं तालीम देण्यांत आली : कोणीं प्रभामंडलाचें चित्र काढावें, कोणीं तारे टिपावे, कोणीं काळ मोजावा. ओट्यांचा संबंध लॉकियरशीं जोडावयाचा तर तो याच प्रसंगाशीं जुळतो.

धर्मशास्त्राप्रमाणें सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधीं लागतात. हें ग्रहण मध्यान्हाच्या सुमाराचें. तेव्हां वेध आदल्या रात्रींच लागले असले पाहिजेत. किल्ल्यावर दुर्बिणींची सिद्धता आणि गांवांत उपवास, स्नान, जप यांची सिद्धता, दोन्ही एकाच अमावास्येच्या गणितावर उभ्या होत्या. पहिलीचा वृत्तांत लॉकियरनें छापून ठेविला. दुसरीचें लेखी साधन आमच्या पाहण्यांत नाहीं.

सन बदलल्यानें स्थळाचें महत्त्व उणें होत नाहीं; उलट जें खरोखर घडलें तें हातीं येतें. देवगड, राजापूर, रत्नागिरी या भागांतील जुन्या दप्तरांचे संग्राहक आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. शके १८१९ चें पंचांग, त्याच्या समासांतील टिपण अथवा त्या पौषांतील जमाखर्चाची वही कोणापाशीं असल्यास ती रद्दींत घालूं नये. ग्रहणदानाची एक नोंद मिळाली, तरी या इतिहासाची दुसरी बाजू बोलूं लागेल.