ताराबाई मोडक यांचे भावनगर येथील अध्ययन

शिरपुराकडील संग्राहक सनदा व महजर जिवापाड जपतात. शिक्षिकांच्या टिपणवह्या मात्र रद्दीत जातात. शिक्षिका स्वतः कशी शिकत गेली, याचे अस्सल साधन तेच. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचेच पाहावे. १९१४ साली पदवीधर झालेल्या या बाई पुढे राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. ते पद सोडून १९२३ साली त्या भावनगरास दक्षिणामूर्तीत गेल्या आणि गिजुभाई बधेका यांजपाशी बालशिक्षण नव्याने शिकल्या. मानाची जागा सोडून पुन्हा विद्यार्थिदशा पत्करणे आजही विरळाच! १९४५ साली बोर्डीस त्यांनी ग्रामबालशिक्षणाचे केंद्र काढले. माँटेसरीची महागडी उपकरणे खेड्यास परवडणारी नव्हती. सबब शिंपले, बिया, खडे हेच साहित्य ठरले. तेथील त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बी. ए.ची परीक्षा दिली ती १९६१ साली, पन्नाशी उलटल्यावर.