बसवकल्याण पोटनिवडणूक, २०२१

कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण विधानसभा मतदारसंघात १७ एप्रिल २०२१ रोजी झालेली पोटनिवडणूक. काँग्रेसचे आमदार बी. नारायणराव सप्टेंबर २०२० मध्ये करोनाने वारले आणि जागा रिकामी झाली. भाजपचे शरणू सलगर यांनी नारायणरावांच्या पत्नी माला यांना वीस हजारांहून अधिक मतांनी हरवले. निवडणूक लक्षात राहिली ती मात्र मतदानाआधीच्या पाच महिन्यांमुळे.

बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी आणि बसवेश्वरांची कर्मभूमी. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्यातल्या जुन्या बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याला मिळाले, बसवकल्याण म्हैसूर राज्याकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेले. सोयरीक आणि बाजारहाट उमरगा-निलंग्याकडे, आमदार मात्र बेंगळुरूला, अशी इथल्या मराठी घरांची तेव्हापासूनची रीत. लिंगायत, मराठा आणि मुस्लिम या तिन्ही समाजांची मते इथे मोठी. २०१८ मध्ये जनता दलाने (धर्मनिरपेक्ष) थेट दक्षिण कर्नाटकातले मराठा नेते पी. जी. आर. सिंधिया यांना इथे आणून उभे केले होते, ते उगीच नव्हे.

नोव्हेंबर २०२० मध्ये मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांनी मराठा विकास प्राधिकरण आणि त्यासाठी ५० कोटी रुपये जाहीर केले. कन्नड संघटना खवळल्या. ५ डिसेंबरला कन्नड चळवळीतले नेते वाटाळ नागराज यांच्या पुढाकाराने राज्यभर बंद पुकारला गेला. हे प्राधिकरण मराठी भाषेसाठी नाही, राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठा समाजासाठी आहे, असा खुलासा सरकारला करावा लागला. दरम्यान, मराठा प्राधिकरणाच्या घोषणेला आठवडाही उलटला नव्हता तोच वीरशैव-लिंगायत विकास निगमाची घोषणा झाली आणि त्याला पुढे ५०० कोटी मिळाले. एकाला दिले म्हणून दुसरा रुसू नये, एवढा हिशेब त्यात उघड होता. पन्नास आणि पाचशे यांतले अंतरही मराठा मतदारांनी वाचले असणारच. ६ जानेवारी २०२१ रोजी बसवकल्याणातच, बसवेश्वरांच्या शरणसभेच्या नावाने, नव्या अनुभव मंडपाची पायाभरणी झाली.

आचारसंहिता लागली १६ मार्चला. तिन्ही निर्णय त्याआधीचे, म्हणून नियमात बसणारे. कायदा मोजतो तो प्रचार सुरू होण्यापूर्वीच इथला निम्मा प्रचार उरकला होता. जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’ (१९७९) चित्रपटात सत्तेचे सौदे बंद दाराआड होतात. बसवकल्याणात दार लावायची गरजच पडली नाही, सगळे सरकारी आदेशात छापून आले.

उमेदवारीवरूनही रुसवेफुगवे झाले. सलगर कलबुर्गीकडचे, म्हणजे स्थानिक कार्यकर्त्यांच्या मते बाहेरचे. दोन वेळा आमदार झालेले मल्लिकार्जुन खुबा बंड करून अपक्ष उभे राहिले आणि हरले. माजी आमदार मारुतीराव मुळे यांनी राष्ट्रवादी काँग्रेसकडून अर्ज भरला होता. मराठा मते फुटण्याची भाजपला धास्ती होती. माघारीच्या मुदतीत मुळे यांनी अर्ज मागे घेतला. पुढे ते मराठा विकास निगमाचे, म्हणजे आधी जाहीर झालेल्या त्याच प्राधिकरणाचे, अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये भाजपतर्फे विधान परिषदेवर गेले. त्याच दिवशी मतदान झालेल्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत उलटे चित्र दिसले: तिथे सीमाभाग महाराष्ट्रात घ्या म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे शुभम शेळके रिंगणात टिकले, लाखावर मते घेऊन गेले आणि भाजपची जागा थोडक्यात वाचली. बीदरकडे समितीचा तसा जोर कधीच नव्हता, त्यामुळे मराठा मतांची बोलणी पक्षांना वेगवेगळ्या नेत्यांशी करावी लागतात.

२०२३ मध्ये सलगर पुन्हा निवडून आले; या वेळी त्यांनी माजी मुख्यमंत्री धरमसिंग यांचे पुत्र विजयसिंग यांना हरवले. मराठा समाजाला मागासवर्गीय आरक्षणाच्या ३ब प्रवर्गातून २अ मध्ये घ्यावे ही शंकरप्पा आयोगाची २०१२ मधली शिफारस त्या निवडणुकीतही प्रलंबितच होती.