‘हॉबल्डीहॉय’ आणि धडपडणारा श्याम

मिसरूड फुटू लागलेले, आवाज घोगरा झालेला, हातपाय एकाएकी लांबलेले आणि ते नेमके कुठे ठेवावेत हे न उमगलेले. अशा मुलाला पाहुण्यांसमोर बोलावले, की त्याच्याइतकीच आईवडिलांचीही पंचाईत होते. या मुलासाठी इंग्रजीत एक जुना शब्द आहे, ‘हॉबल्डीहॉय’. बोलण्यातून तो आता जवळपास नाहीसा झाला असला, तरी साहित्यात मात्र त्याने आपले स्थान राखले आहे.

सोळाव्या शतकाच्या मध्यापासून हा शब्द लिखित इंग्रजीत आढळतो. त्याची व्युत्पत्ती निश्चित नाही आणि जुन्या पुस्तकांत त्याची अनेक रूपे दिसतात. शेतीच्या कामांवर पद्ये रचणाऱ्या टॉमस टसरने त्याच शतकात आयुष्याचे सात-सात वर्षांचे टप्पे पाडले. १४ ते २१ या टप्प्यातील ‘हॉबर्ड डी हॉय’ महाशयांना धाकात ठेवावे, असा त्याचा सल्ला होता. आपल्याकडील सुभाषितकार नेमके उलट सांगतो. सोळावे वर्ष लागले, की मुलाशी मित्राप्रमाणे वागावे. हा उपदेश किती घरांत पाळला गेला, हा प्रश्न निराळा.

या शब्दाला साहित्यात खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती अँथनी ट्रॉलप या कादंबरीकाराने. १८६४ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘द स्मॉल हाउस ॲट ॲलिंग्टन’ या कादंबरीतील जॉनी ईम्स हा लंडनच्या प्राप्तिकर कार्यालयातील कारकून. चारचौघांत त्याला बोलता येत नाही. एकटा असताना मात्र तो मनातल्या मनात मोठमोठे पराक्रम गाजवतो. असा मुलगा उशिरा पिकणाऱ्या फळासारखा असतो, तेव्हा त्याला हसू नये, अशी ट्रॉलपची भूमिका होती. त्यामागे स्वानुभव होता. १८३४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो स्वतः लंडनच्या टपाल खात्यात कारकून म्हणून लागला होता आणि तेथील त्याची सुरुवातीची वर्षे फारशी भूषणावह नव्हती. विशेष म्हणजे, जॉनीला त्याची प्रेयसी शेवटपर्यंत मिळत नाही. लेखकाने त्याची बाजू घेतली, पण त्याच्यावर खोटी मेहेरनजर केली नाही.

मराठीत या अवस्थेला नेमके नाव नाही. ‘पौगंडावस्था’ हा शब्द पाठ्यपुस्तकी. शिवाय संस्कृतात ‘पौगंड’ म्हणजे साधारण पाच ते दहा वर्षांचे वय, त्यापुढचा तो किशोर. ‘गद्धेपंचविशी’ अविचाराबद्दल बोलते, अवघडलेपणाबद्दल नव्हे. घराघरांतून ऐकू येतात ते ‘घोडा झालास’, ‘एवढा टोणगा वाढलास’ हे उद्गार. त्यांत मुलाची उंची मोजली जाते, मन नाही. रवींद्रनाथ टागोरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लिहिलेल्या ‘छुटी’ या कथेत याच वयाच्या फटिकची शोकांतिका रंगवली आहे. शिक्षणासाठी कलकत्त्याला मामाच्या घरी आलेला हा मुलगा मामीला नकोसा होतो. लहान मुलाचे लाड त्याच्या वाट्याला येत नाहीत आणि मोठ्याचा मानही मिळत नाही. सुटीची वाट पाहतच तो जगाचा निरोप घेतो.

या मुलासाठी मराठीतील सर्वांत जवळचा शब्द साने गुरुजींनी दिला, असे म्हणता येईल. ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले, हे नाशिककर अभिमानाने सांगतात. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातील श्याम लहान आहे, आईचा पदर धरून चालणारा. पुढे तोच श्याम आईपासून दूर, शिक्षणासाठी गावोगाव फिरतो, उपाशी राहतो, मित्रावर जीव जडवतो आणि तो दुरावेल म्हणून झुरतो. त्या भागाचे नाव ‘धडपडणारा श्याम’. धडपडणे म्हणजे ठेचकाळून पडणे आणि धडपडणे म्हणजे जिवापाड प्रयत्न करणे. दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात सामावले आहेत. इंग्रजी शब्दात डोकावणारी टिंगल येथे औषधालाही नाही. पहिल्या पुस्तकाच्या अफाट लोकप्रियतेपुढे हा मोठा झालेला श्याम काहीसा मागे पडला, हे दुर्दैव.

त्यानंतर हा मुलगा मराठीत ठळकपणे आला तो मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीत. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, मित्रांचे टोळके आणि एका मुलीकडे नुसते पाहण्यासाठी चाललेला आटापिटा, हे अनेक वाचकांना आपलेच वाटले. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) चित्रपटातील जब्याचा संकोच मात्र निव्वळ वयाचा नाही. आवडणाऱ्या मुलीसमोर नीटनेटके दिसावे, एवढीच त्याची इच्छा असते. पण त्याच मुलीच्या आणि साऱ्या गावाच्या देखत त्याला घरच्यांबरोबर डुक्कर धरावे लागते. जॉनी ईम्सला लोक हसले ते त्याच्या बावळटपणाला. जब्याला हसतात ते त्याच्या जातीला, आणि शेवटी त्याच्या हातात दगड येतो.