जिंकलेल्या हत्यारांचं पुढं काय होतं?

खंडेनवमीला आमच्या घरी दोन वस्तूंची पूजा होते. एक माझा लॅपटॉप. दुसरं, देव्हाऱ्यामागच्या फळीवरून वर्षातून एकदाच खाली येणारं एक गंजकं पातं. त्याला मूठ नाही, म्यान नाही. 'आपल्या पूर्वजांची तलवार' एवढीच त्याची ओळख. गेल्या वर्षी त्याला तेल लावायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मी ते पहिल्यांदाच नीट बघितलं. पातं सरळ होतं आणि त्याच्या लांबीभर तीन पन्हळी होत्या.

पुढच्या रविवारी कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातलं संग्रहालय गाठलं. तिथं फोटो काढू देत नाहीत, त्यामुळं फोन खिशात आणि नाक काचेला. अशा सरळ, पन्हळी असलेल्या पात्यांना आपल्याकडं सरळसोट नावच आहे: फिरंग. ही पाती स्पेन, इटली, जर्मनीतलं सोलिंगेन अशा ठिकाणी घडायची आणि पोर्तुगिजांच्या नि इतरांच्या जहाजांतून कोकणपट्टीला उतरायची. इथं त्यांना बोटं झाकणारी मराठी मूठ बसवली जायची. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर आयात केलेलं, इंटरफेस देशी. बरीचशी पाती विकत घेतलेली, काही लढाईत हाती लागलेली. पण नुसत्या पात्याकडं बघून कोणतं कसं आलं, हे ओळखता येत नाही.

म्हणजे आमचं पातं पूर्वजांनी बाजारात घेतलं, बक्षीस म्हणून मिळवलं, की रणात पडलेल्या माणसाच्या हातातून काढून घेतलं? जेवताना हा प्रश्न विचारला, तर बाबांनी फक्त भाकरीचा तुकडा मोडला.

इतिहासाची पुस्तकं इथं फारशी मदत करत नाहीत. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत वेलस्लीनं शिंद्यांच्या सुमारे शंभर तोफा जिंकल्या, हे कुठंही वाचायला मिळतं. त्या दिवशी शेतात पडलेल्या बंदुका आणि तलवारी अशा ठळकपणे भेटत नाहीत. तोफ ओढायला बैल लागतात, म्हणून ती सरकारी हिशेबात येते. तलवार घोंगडीत गुंडाळली की झालं, ती घरी पोचते.

हत्यार काढून घ्यायचं की नाही, हाही वाटाघाटीचा मुद्दा असायचा. मे १७३९ मध्ये वसई पडली. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, निशाणं फडकवत, वाद्यं वाजवत बाहेर पडू दिलं. वेढ्यात दोन्हीकडची माणसं भरपूर मेली होती. हातात हत्यार राहणार असेल, तर हरलेला माणूस किल्ला लवकर सोडतो. मराठ्यांना किल्ला हवा होता, बंदुका नव्हेत. मागं राहिलेल्या चर्चच्या घंटा मात्र आल्या. मेणवली, भीमाशंकर, नाशिकचं नारोशंकर इथं त्या आजही आहेत.

शंभर वर्षांनी कोल्हापुरात याच्या उलट घडलं. गडकरी म्हणजे गड राखणारी, त्यासाठी वंशपरंपरेनं जमिनी मिळालेली माणसं. इंग्रजांच्या देखरेखीखाली नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या नव्या कारभारात त्यांचे हक्क धोक्यात आले आणि १८४४ मध्ये सामानगड, भुदरगड, पन्हाळा इथं उठाव झाला. १ डिसेंबर १८४४ ला इंग्रजी फौजेनं तटाला खिंडार पाडून पन्हाळा घेतला. नंतर तटबंदीच पाडायला घेतली. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरातली २७ वी पलटण उठली. ऑगस्टमध्ये ले ग्रँड जेकबनं आधी तिची हत्यारं काढून घेतली. त्याच सुमारास दक्षिण महाराष्ट्र आणि लगतच्या संस्थानांत गावोगाव हत्यारं जमा करायचे हुकूम निघाले. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी ते मानले नाहीत, म्हणून नोव्हेंबरमध्ये त्यांच्यावर फौज गेली. पुढं १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि घरातल्या हत्यारालाही परवाना लागू लागला.

इथं मला फरक दिसला. रणांगणावर हत्यार घेतलं जातं ते शत्रूकडून. घरात शिरून मागितलं जातं, तेव्हा घरातलाच माणूस शत्रू ठरलेला असतो. बाबांचं म्हणणं असं, की मूठ काढली की तलवारीचं लोखंड होतं, आणि लोखंडाला कोण विचारतंय?

विसाव्या शतकातली गोष्ट तर याहून गुंतागुंतीची. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. हजारो भारतीय सैनिक आणि त्यांच्या ली-एनफील्ड रायफली जपान्यांच्या हाती आल्या. आझाद हिंद फौज उभी राहिली ती प्रामुख्यानं याच जप्त ब्रिटिश हत्यारांवर. तिचे एक मोठे सेनानी होते जगन्नाथराव भोसले, सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे. इंग्रजांच्या सैन्यात अधिकारी झालेला हा कोकणातला माणूस आता त्यांच्याच रायफलींनी त्यांच्याविरुद्ध फौज उभारत होता. जप्त हत्याराची मोठी अडचण असते दारूगोळा. जपानी अरिसाका रायफलीची गोळी ली-एनफील्डमध्ये चालत नाही. म्हणजे जेवढी काडतुसं जिंकली, तेवढीच लढाई. १९४४ मध्ये इंफाळच्या आघाडीवर एकाच बनावटीच्या रायफली दोन्ही बाजूंना होत्या. १९४५ मध्ये शरणागती झाली आणि त्या परत पहिल्या मालकाकडं निघाल्या. रायफल दोनदा बाजू बदलते आणि तिला कुणी गद्दार म्हणत नाही. सैनिकांवर मात्र लाल किल्ल्यात खटले चालले.

२०२५ मध्ये महाराष्ट्र शासनानं लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती इंग्रजांकडं गेली असावी, असा अंदाज आहे. तिच्या पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत नाव आहे आणि शेवटी शब्द आहे 'फिरंग'. पातं युरोपीय घडणीचंच. आपण अभिमानानं परत आणलेली तलवार एकदा तिकडून आली होती, लढली, हरली, तिकडं गेली, पुन्हा आली. ती परत आली याचा मला आनंदच झाला. पण तिच्यावर नाव होतं, म्हणून ती परत आली.

आमच्या पात्यावर नाव नाही. गंज थोडा घासून बघितला, एकही अक्षर निघालं नाही. ते ज्याच्याकडून आलं, त्याच्याही घरी कुणीतरी ते घासत असेल, त्याला तेल लावत असेल.

यंदा खंडेनवमीला बाबांनी पातं खाली काढलं, हळद-कुंकू वाहिलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "आपल्या पूर्वजांची तलवार." मग माझ्याकडं बघून थोडे थांबले आणि म्हणाले, "किंवा कुणाच्यातरी."