पदकाच्या कडेवरील नाव

मंदिराचा जीर्णोद्धार झाला म्हणजे देणगीदारांची नावे शिळेवर कोरली जातात. नावासाठी कोणी दान करीत नाही हे खरे. पण हे देवकार्य कोणाच्या हातून घडले ते पुढील पिढ्यांस कळावे, एवढाच त्या शिळेचा हेतू असतो. अशीच नाव कोरलेली आणखी एक वस्तू पुष्कळ घरांत पेटीच्या तळाशी पडून असते. ती म्हणजे पलटणीत गेलेल्या आजोबा-पणजोबांचे पदक, साध्या बोलीत ‘बिल्ला’. त्या बिल्ल्याचा थोडा इतिहास गावकऱ्यांपुढे ठेवावा, म्हणून हे टिपण.

या इतिहासाचा प्रारंभ आपल्या वसईपासूनच करता येतो. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. त्या काळी पराक्रमाचे चीज वस्त्रे, कडी-तोडे व इनाम जमिनी देऊन होई. पुढे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात जनरल गॉडर्डने वसईस वेढा घातला व डिसेंबर १७८० मध्ये किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांस परत मिळाला. गॉडर्डच्या हाताखाली या बाजूस लढलेल्या बंगालच्या फौजेतील हिंदी शिपायांस ईस्ट इंडिया कंपनीने ‘दख्खन पदक’ दिले. म्हैसूरकरांविरुद्ध दक्षिणेत लढलेल्यांसही तेच मिळाले. कंपनीने हिंदी शिपायांस दिलेले हे पहिले पदक. म्हणजे ते आपल्याच लोकांशी लढल्याबद्दल मिळालेले होते! ही गोष्ट कडू आहे. पण ती वगळून इतिहास पुरा होत नाही.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कूट येथील वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जाणाऱ्या फौजेत मराठा जवानही होते. कित्येकांचा अंत कैदेतच झाला. त्या युद्धाचे गोल चांदीचे पदक लढाऊ शिपायांस मिळाले. हमाल व मजूर तुकड्यांतील लोकांस तेच पदक काशाचे मिळाले. त्याच्या जोडीस पंख पसरलेल्या विजयदेवतेचे दुसरे पदक असे. दुसऱ्या महायुद्धानंतर सहा टोकांचे तारे आले : बर्मा, आफ्रिका, इटली अशा आघाड्यांनुसार वेगवेगळे. देशातच राहून सेवा केलेल्यांसाठी हिंदुस्थानचा नकाशा असलेले वेगळे पदक होते.

या पदकांचे खरे मोल धातूत नाही. पहिल्या युद्धाच्या पदकाची कड उजेडात धरून पाहावी. तेथे बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण उमटविलेली असते. दुसऱ्या युद्धातही हिंदी सैनिकांच्या पदकांवर नावे घातली गेली. ज्याचे छायाचित्र नाही, पत्र नाही, त्याची तेवढीच एक लेखी खूण उरते. तरीही चांदीचा भाव वाढला की अशी पदके सोनाराच्या मुशीत गेली, तारे मुलांच्या खेळण्यात हरवले. नाव वितळले की माणूस दुसऱ्यांदा गेला.

माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचे उदाहरण घ्या. १० जुलै १९४४ रोजी इटलीत मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील बाकी सर्वजण पडले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती तोफ बंद पाडली आणि शेवटी बंदुकीच्या दस्त्याने लढत ते ठार झाले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि इटलीत कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे.

कोणी म्हणेल, ही तर परक्या राज्याची पदके! खरे आहे. राज्य परके होते. पण सांडलेले रक्त आपल्याच गावागावांचे होते. आपले राज्य आल्यावर २६ जानेवारी १९५० रोजी परमवीरचक्र सुरू झाले. त्याचा आराखडा खानोलकरांच्या घरी सून म्हणून आलेल्या, जन्माने युरोपीय असलेल्या सावित्रीबाई खानोलकर यांनी केला. काशाच्या त्या पदकावर इंद्राची चार वज्रे आहेत. देवांच्या रक्षणासाठी दधीचि ऋषींनी स्वतःच्या अस्थी दिल्या व त्यांचे वज्र झाले, ही पुराणकथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो. वसई मिळाल्यावर चिमाजी आप्पांनी नवस फेडून जिचे मंदिर बांधले, त्या वज्रेश्वरीच्या नावातही तेच वज्र आहे. देह देऊन रक्षण करणे हाच त्याचा अर्थ.

म्हणून गोखिवऱ्याच्या सर्व ग्रामस्थांस, माहेरवाशिणींस व देणगीदारांस विनंती की, घरातील जुन्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात. पदक सापडल्यास चिंच किंवा राखेने घासू नये. त्याने अक्षरे झिजतात. कडेवरील मजकूर वहीत उतरवून ठेवावा, घरातील वृद्धांस विचारून त्यापुढे चार ओळी लिहाव्यात आणि पदक विकू नये. मंदिराच्या शिळेवरील नावे गाव जपतेच. पेटीतली नावे घराने जपावीत, हीच देवाच्या चरणी प्रार्थना.