उकंड्यापासून डम्पिंग ग्राउंडपर्यंत

(हिवरखेड, ता. तेल्हारा इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथं तसाच ठेवला आहे.)

मंडळी, इथं साठीच्या पुढची बरीच माणसं बसली आहेत, त्यांना आधी विचारतो. घरामागचा उकंडा आठवतो ना? शेण, राख, उरलेलं कुटार, भाजीचे देठ, सगळं तिथं. आणि मृगाच्या आधी बंड्या भरभरून ते खत वावरात जायचं. म्हणजे उकंडा वर्षातून एकदा रिकामा व्हायचा. आजचा विषय शहरांच्या कचराभूमीचा आहे, पण सुरुवात इथूनच करावी लागते. कारण डम्पिंग ग्राउंड म्हणजे कधीच रिकामा न होणारा उकंडा.

आता मुंबईत जाऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. रोग घाणीतून आणि कुबट हवेतून येतो, असाच समज होता. मग उपाय काय? घाण शहराबाहेर न्या. कचरा न्यायला रेल्वे वापरली गेली. कुर्ला ते चेंबूर हा फाटा १९०६ मध्ये बांधला तो कचऱ्याच्या गाड्यांसाठी, माणसांची गाडी त्यावर १९२४ मध्ये सुरू झाली. आज हार्बर लाइननं चेंबूरला उतरणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? पुढं १९२७ मध्ये देवनारचं डम्पिंग ग्राउंड सुरू झालं. महापालिकेच्या कागदात त्याला क्षेपणभूमी म्हणतात. बोलताना तो शब्द वापरणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

त्या काळच्या लोकांना मूर्ख म्हणू नका. तेव्हाच्या कचऱ्यात राख, गवत, लीद, पालापाचोळाच जास्त. दलदलीत तो टाकला की भराव व्हायचा, जमीन तयार व्हायची. हिशेब बिघडला तो पुढं, जेव्हा त्यात प्लास्टिक, बॅटऱ्या, औषधं, रंगाचे डबे यायला लागले आणि शहरही दसपट वाढलं.

ढिगाच्या पोटात काय होतं ते बघा. वरच्या थराला हवा मिळते, तिथं कुजणं आपल्या उकंड्यासारखंच. पण खाली, दहा-वीस मीटरवर, हवा पोचत नाही. तिथं वेगळे जीवाणू काम करतात आणि मिथेन वायू तयार होतो. गोबर गॅसमध्ये असतो तोच. फरक एवढाच की इथं शेगडी नाही, म्हणून तो वाट मिळेल तिथून निघतो आणि पेटतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं, धूर इतका की शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयानं मुंबईत नव्या बांधकामांना मनाई केली, का तर कचरा टाकायला जागा नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती तात्पुरती उठवली. दुसरी गोष्ट पाण्याची. पावसाचं पाणी ढिगातून झिरपतं, वाटेत सगळं विरघळवत खाली येतं. चहाच्या गाळणीतून चहा उतरावा तसं. त्या काळ्या पाण्याला लीचेट म्हणतात. आग दिसते, वर्तमानपत्रात येते. लीचेट दिसत नाही, ते वीस वर्षांनी कुणाच्या तरी विहिरीत उतरतं.

यावर पहिला नेटका उपाय निघाला अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो गावी, १९३७ मध्ये. जीन व्हिन्सेंझ नावाचा तिथला अधिकारी. चर खणायचा, कचरा टाकायचा, यंत्रानं दाबायचा आणि त्याच दिवशी वर माती लोटायची. उंदीर, माश्या, आगी एकदम कमी झाल्या. जगानं ही पद्धत उचलली. पण चराच्या तळाशी काहीच अंथरलेलं नव्हतं! १९८९ मध्ये हीच जागा अमेरिकेच्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत गेली, आणि २००१ मध्ये तिलाच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान दिला गेला. मला दोन्ही निर्णय योग्य वाटतात.

आपल्याकडं अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यातून २००० चे कचऱ्याचे नियम आले. त्यात तळ कसा असावा हे लिहिलं: ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटरचा जाड प्लास्टिक पत्रा, वर लीचेट गोळा करायच्या नळ्या. रोज किमान १० सेंटिमीटर मातीचं पांघरूण. बंद केल्यावरही १५ वर्षं पाण्यावर आणि वायूवर लक्ष. म्हणजे कचरा पुरला की विषय संपला, असं नाहीच. एका पिढीनं भरायचं, पुढच्या पिढीनं राखण करायची.

शहरं ही राखण बहुधा शेजारच्या खेड्यावर टाकतात. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा कचरा अनेक वर्षं नारेगावला जात होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. शहरात रस्तोरस्ती ढीग लागले, आणि मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा न्यायला गेले तर दगडफेक झाली.

आता घरचं बोलू. हिवरखेड आता नगरपरिषदेचं झालं, म्हणजे कचरा कुठं न्यायचा हे ठरवणं आलं. गाडगेबाबा आपल्याच मुलुखातले, शेंडगावचे. त्यांनी हाती खराटा दिला, पण झाडलेलं न्यायचं कुठं हे आपल्यालाच ठरवायचं आहे. कुणी म्हणेल, काळी माती आहे, पाणी कशाला मुरेल? राजेहो, उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिला पाऊस त्याच भेगांतून खाली जातो. उत्तरेकडं सातपुड्याच्या पायथ्याला गेलात तर खाली वाळू-गोटे, तिथं पाणी आणखी झपाट्यानं मुरतं. दक्षिणेला पूर्णेकडं खारपाणपट्टा. मधल्या पट्ट्यातलं गोडं पाणी नासलं तर जायचं कुठं?

२०१६ च्या नियमांनी तर सांगितलं की जे कुजत नाही आणि पुन्हा वापरता येत नाही, तेवढंच पुरायचं. बाकी ओल्या कचऱ्याचं खत. पुसदच्या नाडेपकाकांनी त्यासाठी जाळीदार विटांचं दहा बाय सहा बाय तीन फुटांचं टाकं बांधून दाखवलं, साडेतीन-चार महिन्यांत खत. आणि उरलेलं पुरायची जागा नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून, वस्तीपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर हवी. जागा बघायला माणसं येतील तेव्हा त्यांच्यासोबत जा आणि विहिरी दाखवा. कोणती विहीर मेमध्येही आटत नाही, हे तुम्हालाच माहीत असतं.

एवढ्यावर थांबतो. मागच्या रांगेतल्या काकांचा हात मघापासून वर आहे. विचारा, काका.